आवणीचं बोलावणं

पैसा आला आणि सगळ्यात आधी माझी मेथी महागली. शहापूरच्या बाजारात एक भाजीवाली बाई आहे. तिच्याशी मी पंधरा वर्षं जुडीमागे दोन-दोन रुपयांवरून हुज्जत घातलेली. आम्हां दोघींचाही तो आवडीचा कार्यक्रम होता. पैसा आल्यावर पहिल्यांदा गेले आणि नेहमीसारखं म्हटलं, "एवढ्याला कोण घेतं गो?" तर ती हात जोडून म्हणाली, "वयनी, तुमीच भाव करायला लागलात तं आमी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?" चार बायका वळून बघायला लागल्या. मी मुकाट्याने सांगेल तेवढे दिले. पुढच्या आठवड्यात मुद्दाम विटकी साडी नेसून, कानातलं काढून गेले. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, खरी पैसेवाली माणसं अशीच साधी राहतात." जुडी आणखी पाच रुपयांनी वाढली.

पैसा कुठून आला हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे म्हणून सांगते. शेणव्याच्या पुढे आमचं गाव. गावावरून मोठा रस्ता गेला आणि तो नेमका आमच्या माळावरून गेला. शेजाऱ्याच्या बांधाला त्याने बोटही लावलं नाही. माझ्या सासऱ्यांना त्या माळाने उभ्या जन्मात काही दिलं नाही, नाचणीसुद्धा कुरकुरत दिली. ते गेले आणि त्याच माळाने त्यांच्या मुलाला शेठ केलं. मेहनत म्हणाल तर आमच्या शेठनी एक सही केली, तीही दोनदा चुकली. किती मिळाले ते विचारू नका. सगळा तालुका विचारून दमलाय.

पैसा वाईट असतो असं मी म्हणणार नाही. असं म्हणणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांच्याकडे एसी असतो. सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन 'यंदाचा पावसाळा जाऊ दे' म्हणत चार पावसाळे लांबलं होतं, ते आठ दिवसांत झालं. मुलीच्या कॉलेजचं काय होणार या काळजीने माझी झोप जायची, ती परत आली ती अशी आली की सकाळी आठपर्यंत जात नाही. बँकेत पूर्वी "लिंक नाय, उद्या या" असं न बघता सांगणारे गृहस्थ आता खुर्चीवरून उठतात आणि चहा मागवतात. आमच्यासाठी लिंक कधी जात नाही. हे सगळं मला मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू.

पण तोटेही आहेत आणि त्यातला मोठा तोटा म्हणजे नवरा. हा माणूस घरात 'आमटीत मीठ कमी आहे' एवढं बोलायला पंधरा मिनिटं घ्यायचा. आता त्याला क्रिकेटच्या सामन्यांना, मोबाइलच्या दुकानांच्या उद्घाटनांना, कुणाच्या तरी हळदीला प्रमुख पाहुणा म्हणून नेतात आणि दोन शब्द बोलायला लावतात. तो दोन शब्द बोलतो, लोक हसतात. विनोद नसला तरी हसतात. त्यामुळे आपण विनोदी आहोत असं त्याला वाटायला लागलंय आणि ते विनोद मला घरी पुन्हा ऐकावे लागतात. प्रत्येक कार्यक्रमाची एक शाल आणि एक नारळ. नारळ संपतात. शाली संपत नाहीत. अठ्ठावन्न झाल्यावर मी मोजायचं सोडलं आणि पडवीतल्या मोठ्या पेटीत टाकायला लागले. एकीलाही ऊब म्हणून नाही. म्हसा गावच्या जत्रेतून आणलेली आमची जुनी घोंगडी त्या सगळ्यांना पुरून उरेल.

माहेरी, मुरबाडकडे, माझी आत्या मला आता पाटावर बसू देत नाही, सोफ्यावर बसवते. तो सोफा तिने माझ्यासाठी शेजारून आणलेला असतो. मी उठले की शेजारचे घेऊन जातात. चुलीपुढे बसून तिच्या हातची भाकरी खाण्याचं माझं सुख त्या सोफ्याने घालवलं.

असो. मला सांगायचंय ते माझं नाही, सासूबाईंचं.

घराच्या जागी बंगला झाला. बंगल्यात एक टब आला, पांढराशुभ्र, माणूस आडवा झोपेल एवढा. सासूबाईंनी तो बघितला, आत हात फिरवला, म्हणाल्या, "बरा हाय." पावसाळ्यात ओढ्यावरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून आणल्या आणि त्यात सोडल्या. पाटीतून निसटतात, टबातून निसटत नाहीत, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. तेव्हापासून त्या बाथरूममध्ये कुणी आंघोळ करत नाही.

बंगला, टब, गाडी यातलं काही त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांनी एकच गोष्ट राखून ठेवली होती: ओढ्यालगतचं एक खाचर, जे रस्त्यातून वाचलं. शेठ म्हणाले तेही विकू. त्या म्हणाल्या, "आधी मला वीक." विषय संपला.

त्या खाचराची आवणी, म्हणजे भाताची लावणी, आमच्याकडे सावडीने होते. सावड म्हणजे काय, तर आज तुमच्या घरची दोन माणसं माझ्या शेतात, उद्या माझ्या घरची दोन तुमच्या शेतात. मजुरी नाही, कागद नाही. ज्याची आवणी असेल त्याच्या घरातलं कुणीतरी आदल्या संध्याकाळी दारात येऊन बोलावतं, "उद्या आमची आवणी हाय, या." बोलावल्याशिवाय कुणी जात नाही आणि बोलावल्यावर कुणी राहत नाही. दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, बस. हिशेब माणसांचा. हात चालणारं ते पुरं माणूस, हात न चालणारं ते अर्धं. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धी होते. माझे वडील शाळामास्तर, माहेरची जमीन खंडाने दिलेली, चिखलात मी पहिल्यांदा सासरी उतरले. पहिल्या दिवशी मी लावलेल्या ओळीकडे बघून शेजारच्या काकीने विचारलं होतं, "हे भात हाय का गवत उगवलंय?" त्याला आता अठरा वर्षं झाली आणि मला अजून बढती नाही.

ही शेजारची काकी म्हणजे भावकीतली, सासूबाईंच्या नात्याने जाऊ आणि वयाने दोन महिन्यांनी मोठी, हे ती रोज ऐकवते. दोघी एका वर्षी लग्न होऊन या गावात आल्या, पस्तीस-चाळीस आवण्या एका ओळीत पाठीमागे सरकत केल्या. दोन घरांमध्ये निरगुडीचं कुंपण होतं आणि त्या कुंपणाला, जांभळाच्या झाडासमोर, या दोघींनी जाऊन-येऊन पाडलेली एक खिंड होती. त्या खिंडीतून वाट्या जात, वाट्या येत, भांडणं जात, भांडणं येत. आमच्या शेठना लहानपणी त्याच काकीने न्हाऊ घातलंय. मोठेपणी ती त्यांना "पोरा" म्हणायची, पैसा आल्यावरही म्हणायची.

मग आमच्या शेठनी चूक केली. वाईट मनाने नाही. वाईट मन असायला डोकं लागतं. पैसा आल्यानंतरची पहिलीच आवणी. सासूबाई गावात सगळ्यांकडे जाऊन आल्या होत्या, त्यामुळे आमच्या खाचरात सगळे आले. लहानसं खाचर, चारच्या आत आटपलं. लोक ओढ्यावर पाय धूत होते तेवढ्यात शेठ गाडीतून उतरले. हातात पाकिटं. वास्तुशांतीची उरलेली, सोनेरी गणपती छापलेली. दिवसभर लोकांनी आपल्यासाठी राबावं आणि आपण नुसती सुकट-भाकरी खाऊ घालावी, हे त्यांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट ठेवलं.

एकेकाने हात कपड्याला पुसले आणि घेतलं. काकीने हात पुसला नाही. चिखलाच्या दोन बोटांत तिने ते पाकीट कोपऱ्याला धरलं, शेठकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं, शेठ."

पोराचा शेठ तिथे झाला. आमच्या ह्यांना वाटलं मान मिळाला. सासूबाईंनी तिथेच कपाळाला हात लावला. "मेल्या," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना मजूर केलंस." ह्यांना काही समजलं नाही. मला समजलं, पण तोपर्यंत पाकिटं वाटून झाली होती. पैसे दिले म्हणजे फिटलं. फिटलं म्हणजे आमच्या माणसांनी कुणाच्या शेतात जायचं कारण उरलं नाही. कुणी भांडलं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. त्या वर्षी बाकीच्या आवण्या राहिल्या होत्या, पण आमच्या दारात बोलावणं आलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी तर एकही आलं नाही. आषाढात सासूबाई रोज संध्याकाळी पडवीत बसायच्या. आवणीचं जुनं लुगडं धुऊन, घडी करून उशाशी ठेवलेलं. गेटजवळ चपलांचा आवाज झाला की मान वर. दूधवाला असायचा, नाहीतर वर्गणीवाले. आमच्या खाचरासाठी ह्यांनी कसाऱ्याकडची टोळी ठेक्याने आणली. त्या माणसांनी चांगलं काम केलं. सासूबाई बांधावर छत्री धरून उभ्या होत्या आणि टोळीतल्या बायका त्यांना "मालकीण" म्हणत होत्या. खाली उतरायला गेल्या तर एक जण म्हणाली, "तुमी नका मालकीण, पाय भरतील." त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "मी मेले नाय अजून. मग मला का गो बोलवत नाय कुणी?"

सासूबाईंबद्दल मी सहसा वाईट वाटून घेत नाही. आमचं तसं ठरलेलंच आहे. त्या मला वळण लावतात, मी वळत नाही. पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. ज्या बाईच्या मागे चालायला बायका धापा टाकायच्या, ती बाई धडधाकट असताना मोडीत निघाली होती, आणि तेही तिच्या मुलाच्या चांगुलपणामुळे.

"तुम्हीच काकीकडे जा ना," मी म्हटलं.

"कशी जाऊ? मी गेले तं म्हणतील शेठाची आई आली, काय तरी द्यायला आली. बोलावणं दारात यायला पाहिजे."

"मग काकी का येत नाहीत?"

त्यांनी खिडकीबाहेर हात केला. बाहेर आमची भिंत होती. आठ फूट उंच, वर काचा लावलेली. बंगला झाला तेव्हा निरगुडी तोडून ही भिंत घातली होती आणि त्या खिंडीच्या जागीही भिंतच होती. काकीला आमच्याकडे यायचं तर सगळी आळी वळसा घालून मोठ्या गेटपाशी यायचं, बेल दाबायची, वरचा कॅमेरा डोळे वटारून बघणार आणि आतून आवाज येणार, "कोण?" चाळीस वर्षांत त्या बाईला या घराने "कोण" म्हणून विचारलं नव्हतं.

आता एक गोष्ट कबूल करते. पुढचं सगळं मी केलं आणि मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

ह्यांना भिंत पाडा म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. भिंतीवर खर्च झाला होता. पण श्रीमंतीचा एक फायदा मला एव्हाना कळला होता: श्रीमंत माणूस बायकोचं ऐकत नाही, आईचं ऐकत नाही, पण वास्तुवाल्याचं ऐकतो. आमचे वास्तुवाले कल्याणहून येत. आले की जिन्याची एक पायरी वाढवत किंवा देव हलवत. पुढच्या वैशाखात ते वार्षिक पाहणीला आले. ओढ्याच्या डोहातल्या चार-पाच चिंबोऱ्या आदल्याच दिवशी सासूबाईंनी आणल्या होत्या.

"हात-पाय धुऊन घ्या," मी त्यांना म्हटलं आणि अदबीने तेच बाथरूम दाखवलं.

शपथेवर सांगते, चिंबोऱ्या टबातच होत्या. त्यांनी वाकून बघायला नको होतं. ते बाहेर आले तेव्हा घामाघूम होते आणि एक पायमोजा आतच राहिला होता. पाणी दिलं, पंखा लावला. शेठ तेवढ्यात फोनवर होते. ते गृहस्थ होकायंत्र धरून उभे, काय सांगावं ते सुचेना. मी हळूच म्हटलं, "तुमची नजर मघापासून त्या पूर्वेच्या भिंतीवर आहे. ती बंद आहे म्हणूनच हे असं होतंय ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग बाथरूमकडे.

"मी हेच सांगणार होतो," ते म्हणाले.

"तीन फुटांची मोकळी जागा हवी, बरोबर त्या जांभळाच्या समोर," मी म्हटलं.

"बरोबर जांभळाच्या समोर," ते म्हणाले, आणि शेठ आत आले तेव्हा त्यांनी ते असं सांगितलं की मलाही क्षणभर खरं वाटलं. जाताना मी त्यांना पेटीतल्या चार शाली दिल्या.

आठ दिवसांत भिंत फोडली. ह्यांना तिथे ग्रॅनाइटची चौकट बसवायची होती. मी म्हटलं, वास्तुवाल्यांनी बजावलंय, दगड नाही, लोखंड नाही, लाकूड नाही, मोकळीच राहू द्या. शेठ बिचारे मान डोलावून गेले. खिंड होती तिथे परत खिंड झाली. सासूबाई येऊन उभ्या राहिल्या, त्या भोकातून पलीकडचं काकीचं अंगण बघितलं आणि माझ्याकडे वळल्या. "कल्याणच्या माणसाला जांभूळ कसं ठाऊक?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिकलेले आहेत. त्या दिवशी त्यांनी माझ्या आमटीला नावं ठेवली नाहीत.

खिंडीतून पहिल्यांदा काकी नाही आली, काकीची कोंबडी आली. सगळा बंगला फिरून तिने पडवीतली शालींची पेटी पसंत केली आणि कुठल्याशा क्रिकेट सामन्याच्या शालीवर अंडं घातलं. सासूबाईंनी ते अंडं उचललं, खिंडीपाशी गेल्या आणि कुणाकडे न बघता मोठ्याने म्हणाल्या, "कुणाची कोंबडी हाय तिला सांगा, अंडी आपल्या घरात घाल म्हणावं."

पलीकडून भांडी घासल्याचा आवाज थांबला. "कोंबडीला काय कळतंय," उत्तर आलं, "घर शेठाचं हाय का कुणाचं."

दोन वर्षांत हे पहिलं बोलणं. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि हातातला झारा खाली ठेवायचं विसरले. अंडं पलीकडे गेलं. पाऊस लागल्यावर टाकळ्याच्या भाजीची एक वाटी अलीकडे आली. आमच्याकडे कुणाची वाटी रिकामी परत करत नाहीत, म्हणून चिंबोरीचं कालवण भरून ती पलीकडे गेली. ती परत आली नाचणीच्या पापड्या घेऊन. एकच वाटी येरझाऱ्या घालत राहिली, पण दोघी खिंडीच्या आपापल्या बाजूलाच उभ्या राहायच्या. उंबरा कुणीच ओलांडला नाही. आणि आवणीचं नाव कुणी काढलं नाही.

आषाढ लागला. गावात आवण्या सुरू झाल्या. सासूबाई परत पडवीत बसायला लागल्या, पण या वेळी खुर्ची गेटकडे नाही, खिंडीकडे तोंड करून. काकीचं रोप वाढून चाललं होतं ते त्यांना तिथून दिसायचं. काकीची सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, मुलगा कंपनीत पाळीवर, घरात एकटी काकी. गावातली माणसं तिच्याकडे येणार होती, पण तिला आणखी दोन हवी होती. हे सगळं सासूबाई मला रोज सांगायच्या. "दोन माणसं कमी पडतात तिला," म्हणायच्या. मी म्हटलं, "मी जाऊन सांगू का काकींना?" तर म्हणाल्या, "सांगशील तं तंगडी मोडीन."

एका संध्याकाळी सात वाजता मी पडवीत तांदूळ निवडत होते. शेठ सोफ्यावर बसून कुठल्यातरी भाषणाचा विनोद बसवत होते. खिंडीतून काकी आली. चिखलाच्या पायांनी, सरळ. संगमरवरावर पाचही बोटं उमटत आली आणि सासूबाईंच्या समोर उभी राहिली. कनवटीला हात घातला आणि सोनेरी गणपतीचं पाकीट काढलं. कोपऱ्याला वाळलेल्या चिखलाची दोन बोटं तशीच होती. फोडलेलं नव्हतं.

"हा तुमचा कागद घ्या आधी," ती म्हणाली. "दोन वर्सं भाताच्या कणगीत होता. परत द्यायचा तं रिकाम्या हाताने कसा देऊ, म्हणून माझा एक रुपया वर ठेवलाय."

सासूबाईंनी पाकीट घेतलं, वरचा रुपया उचलून पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि पाकीट मुलाच्या मांडीवर टाकलं. "हा तुझा कागद," त्या म्हणाल्या. "ठेव."

"उद्या आमची आवणी हाय," काकी म्हणाली. "या. दोन माणसं पायजेत."

सासूबाईंचा चेहरा मी नीट बघितला नाही, कारण माझेच डोळे भरून आले होते आणि काकीसमोर मला ते दाखवायचं नव्हतं. वर्षभर ऐकवलं असतं. मग सासूबाईंनी विचारलं, "दोन कुठली? घरात मी एक."

काकीने मला न्याहाळलं. "ही अर्धी," ती म्हणाली. मग तिने सोफ्याकडे बघितलं. "आणि ये पोरा, तू अर्धा. झाली दोन. उद्या सातला. ती घड्याळं-बिड्याळं घरी ठेव."

पोरा म्हटल्यावर आमचे शेठ उभेच राहिले. "हो काकी," म्हणाले. माझ्या लग्नानंतर मी त्यांच्या तोंडून इतकं चटकन उत्तर पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसाचं काय सांगू. शेठ दोनदा चिखलात बसले आणि लोक हसले. या वेळी खरे हसले. मी नेहमीसारखं गवत लावलं. सासूबाई मात्र लुगडं खोचून काकीच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या आणि दोघी एकमेकींना शिव्या देत पाठीमागे सरकायला लागल्या, ते दुपारपर्यंत थांबल्या नाहीत. "रोपांची चूड दाट लावतेस." "तुझी वाकडी बघ आधी." बांधावर सुकट-भाकरी खाताना सासूबाईंनी तिसरी भाकरी मागून घेतली. घरी त्यांना अर्धी जात नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या खाचरात काकी आली, सुट्टी काढून तिचा मुलगा आला आणि पाहुणी आलेली तिची बहीण आली, जी गुडघ्यांमुळे अर्धी. बाकीचं गाव आलं नाही. बाकीचं गाव अजून ह्यांना शेठच म्हणतं आणि दहीहंडीच्या वर्गणीला पहिलं आमच्याकडे येतं. एका वर्षात सगळं सुधारतं असं नाही. पण खाचर झालं. संध्याकाळी ओढ्यावर पाय धुता धुता काकी म्हणाली, "तुमची दोन आली, आमची अडीच. अर्धं माणूस तुमच्यावर राहिलं."

सवयीने ह्यांचा हात खिशाकडे गेला. सासूबाईंनी मनगट धरलं. "हात काढ," त्या एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून या बाईला काय झालंय कळत नाही. ज्या घरावर कुणाचा छदाम बाकी नाही त्या घरातली ही बाई गावभर सांगत सुटली आहे, "आमच्यावर अर्धं माणूस राहिलंय." डॉक्टरांना सांगितलं. बँकेत त्या उठून उभं राहणाऱ्या साहेबांना सांगितलं. ते बिचारे घाबरून कुठली फाइल काढावी ते बघत होते. माझ्या आत्याला फोन करून मुरबाडला सांगितलं.

आणि ते अर्धं कमी पडलं ते माझ्यात. परवा मी त्यांना म्हटलं, "आई, यंदा नीट शिकवा मला. पुरी होते, म्हणजे एकदाचं सगळं फिटून जाईल."

त्या चिंबोऱ्या धूत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "काय नको. तू अर्धीच रहा. सगळं फिटलं म्हंजे दारात कोण येतंय गो?"